उसाच्या बेटावर

मॉरिशसच्या सहलीचा साचा आता ठरून गेला आहे. एक दिवस उत्तर भागाचा, एक दक्षिणेचा, एक इल ओ सेर्फ या छोट्या बेटावर, आणि उरलेला वेळ हॉटेलच्या आवारात. लग्न झाल्याबरोबर तिथे जाऊन आलेली जोडपी आपल्याकडे गावोगाव भेटतील. त्यांचे फोटो एकमेकांत मिसळले, तर कुठला कोणाचा हे चेहरे पाहूनच ठरवावे लागेल, कारण मागचा समुद्र तोच असतो. त्या समुद्रात खोटे काही नाही. तो फोटोत दिसतो तसाच निळा आहे. पण असा समुद्र मालदीवलाही आहे, लक्षद्वीपलाही आहे. मॉरिशसचे जे आहे ते किनारा सोडून आत वळल्यावर लागते, आणि आत वळले की पहिल्यांदा लागतो तो ऊस.

बेट लहान आहे. जास्तीत जास्त लांबी पासष्ट किलोमीटर, रुंदी पंचेचाळीस. कुठेही मुक्काम केला तरी सकाळी निघून दुसऱ्या टोकाला जेवायला पोचता येते. रस्ते चांगले, गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात. तरीही लोक हॉटेलातून बाहेर पडत नाहीत, कारण तीन वेळच्या जेवणाचे पैसे आधीच भरलेले असतात. माझे मत विचाराल तर फक्त न्याहारीसह खोली घ्यावी आणि बाकीचे पोट रस्त्यावर भरावे. त्याकडे पुढे येतोच.

डच इथे १५९८ मध्ये उतरले. पुढे त्यांनीच ऊस आणला, पण १७१० मध्ये ते बेट सोडून गेले. नंतर फ्रेंच आले. १७३५ मध्ये आलेल्या ला बूर्दोने या गव्हर्नराने पोर्ट लुई बंदर बांधले आणि साखरेला हात दिला. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले आणि मग जिथे नांगर चालेल तिथे ऊस लावला. आज साखरेचे पूर्वीचे राज्य राहिलेले नाही. युरोपने ठरलेल्या भावाने साखर घेण्याचा करार २००९ मध्ये संपवला, कारखाने एकेक करून बंद पडले, शेतांच्या जागी बंगले आणि मॉल आले. तरीही मे-जूनमध्ये गेलात तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना तुरे आलेला ऊस दिसतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसाला त्यात नवल वाटायचे नाही. नवल वाटेल ते शेतांच्या मधोमध उभ्या असलेल्या काळ्या दगडांच्या ढिगांचे. काही ढीग घराएवढे उंच आहेत. बेट ज्वालामुखीचे, जमिनीत पावलापावलावर बेसाल्टचे धोंडे. ते वेचून जमीन मोकळी केल्याशिवाय लागवड शक्य नव्हती. आधी आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेल्या गुलामांनी आणि नंतर हिंदुस्थानातून आलेल्या गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेल्या, मजुरांनी हे दगड हातांनी उचलून रचले. गाडी थांबवून असा एखादा ढीग जवळून पाहावा. त्याला तिकीट नाही, फलकही नाही.

ज्याला तिकीट नाही पण फलक आहे, अशी जागा म्हणजे पोर्ट लुईच्या बंदरावरचा आप्रवासी घाट. मॉरिशसमध्ये एकच गोष्ट पाहायला वेळ असेल तर मी हीच सांगेन. १ फेब्रुवारी १८३५ रोजी इथली गुलामगिरी कायद्याने संपली. मळेवाल्यांना मजूर तर हवे होते. त्याची सोय आधीच सुरू झाली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलास' हे जहाज कोलकात्याहून छत्तीस मजूर घेऊन इथे आले. इंग्रज सरकारला पाहायचे होते की गुलामांच्या जागी कराराने बांधलेली माणसे ठेवून मळे चालतात का. ते चालले, आणि मग पुढची जवळजवळ शंभर वर्षे माणसे येत राहिली. साडेचार लाखांहून अधिक लोक या धक्क्यावर उतरले. बरेचसे इथेच राहिले, काहींना इथून पुढे रियुनियन, आफ्रिका, कॅरिबियनकडे नेले.

घाट म्हणजे भव्य काही नाही. मजूर उतरवून घेण्यासाठी १८४९ मध्ये सुरू झालेल्या या आगाराचा बराच भाग पुढे रस्त्याखाली आणि इमारतींखाली गेला. उरले आहे ते थोडे: दवाखान्याचा भाग, दारालगतच्या खोल्या, शौचालयांची जोती, आणि समुद्राकडून वर येणाऱ्या सोळा पायऱ्या. जहाजातून उतरलेला माणूस या पायऱ्या चढून आत यायचा, दोनतीन दिवस इथे राहायचा, नोंद व्हायची आणि मग कुठल्यातरी मळ्यावर रवानगी. युनेस्कोने २००६ मध्ये या जागेला जागतिक वारशाचा दर्जा दिला. शेजारच्या संग्रहालयात जहाजांच्या, आजारांच्या, पगाराच्या नोंदी नीट मांडल्या आहेत. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये या मजुरांची नोंदणीपुस्तके जपून ठेवली आहेत. त्यांत नाव, बापाचे नाव, जात, गाव, उंची, अंगावरच्या खुणा, आणि नंतरच्या काळात छायाचित्रसुद्धा. नोंदवहीत लिहिलेले आजा-पणजाचे एकटे नाव पुढे अख्ख्या घराचे आडनाव होऊन बसले, अशी कुटुंबे इथे पुष्कळ आहेत. घाट पाहायला तासभर पुरतो. मात्र ते काम शनिवार-रविवारवर टाकू नये.

तिथून चालत पाच-दहा मिनिटांवर कोदां हा बंदरकाठचा बाजार आहे. खरेदीसाठी मला तो रुचला नाही, पण तिथल्या ब्लू पेनी संग्रहालयात १८४७ सालची दोन टपाल तिकिटे आहेत, एक पेनीचे नारिंगी आणि दोन पेन्सचे निळे. जगातल्या सर्वांत दुर्मीळ तिकिटांत त्यांची गणना होते. इथल्याच काही कंपन्यांनी एकत्र येऊन १९९३ च्या लिलावात ती घेतली आणि परत बेटावर आणली. रंग उडू नये म्हणून मूळ तिकिटांवर तासातून थोडाच वेळ दिवा लावतात. आत शिरताच दिव्याची वेळ विचारून ठेवावी.

आता जेवण. पोर्ट लुईच्या मध्यवर्ती बाजारात सकाळी जावे आणि उपाशी जावे. तळमजल्यावर भाजीबाजार. चायोटे, भोपळ्याचे वेल, मेथी-कोथिंबीर, लिची, डिसेंबरात आंबे. भाजी पाहत पुढे सरकलात की खाण्याचे गाळे. दालपुरी हे मॉरिशसचे राष्ट्रीय खाणे म्हणायला हरकत नाही. चण्याची डाळ हळद-जिरे घालून शिजवायची, वाटायची, पातळ लाटलेल्या पोळीत भरायची. गूळ नसलेली पुरणपोळीच, पण तव्यावरून उतरली की मऊ, रुमालासारखी घडी होणारी. तिच्यात पांढऱ्या मोठ्या वालांची आमटी, टोमॅटोचा दाट रस्सा आणि हिरव्या मिरचीची चटणी घालून गुंडाळून देतात. विक्री नेहमी जोडीने होते. एक दालपुरी मागितली तर गाळेवाला तुमच्याकडे जरा दयेने पाहतो. बँकेतला साहेब, बंदरावरचा हमाल, शाळेची पोरे, सगळे एकाच रांगेत उभे राहून कागदात गुंडाळलेली जोडी खातात. ही डाळ भारतातून आली, रश्शातले टोमॅटो-थाईम फ्रेंचांच्या स्वयंपाकातून आले, आणि शेजारच्या गाळ्यावर चिनी आजोबा उकडलेल्या गोळ्यांचे सूप वाढत असतात.

'गातो पिमां' म्हणजे डाळीचे मिरची घातलेले छोटे वडे. सकाळी गरम पावात लोणी लावून त्यात हे चिरडून खातात. 'आलुदा' नावाचे गार दूध, त्यात सब्जा आणि अगरचे तुकडे. किनाऱ्यावर गेलात तर अननस देठाला धरून सोलून, त्यावर चिंच, मिरची आणि साखर लावून देणारे भेटतात. मासे खाणाऱ्यांनी 'विंदाय' चुकवू नये, मोहरी-हळद-व्हिनेगरमध्ये मुरवलेला मासा, शिळाच चांगला लागतो. ऑक्टोपसची करीही चांगली मिळते. शाकाहारी माणसाची इथे युरोपात होते तशी उपासमार होत नाही, फक्त भाजीच्या गाळ्यावर मांसाचा पळा फिरत नाही ना, हे आधी विचारून घ्यावे. संध्याकाळी मात्र राजधानी लवकर मिटते. पाचच्या सुमारास दुकाने बंद व्हायला लागतात.

मराठी माणसांबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, पण ते गोडगोड करूनही बोलता येणार नाही. मुंबई बंदरातून जी जहाजे गेली त्यांत रत्नागिरी आणि भोवतालच्या कोकणातली माणसे होती. कोलकाता आणि मद्रासच्या मानाने त्यांची संख्या थोडी. त्यांच्या वंशजांच्या घरात आज क्रिओल बोलली जाते, वर्तमानपत्र फ्रेंच, सरकारी कागद इंग्रजी. मराठी ही शाळेत शिकायची, देवळात ऐकायची आणि भजनात म्हणायची भाषा झाली आहे. आपण आनंदाने 'तुम्ही मराठी?' म्हणून भराभर बोलू लागलो की समोरचा माणूस हसतो आणि फ्रेंच वळणाच्या इंग्रजीत उत्तर देतो. यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही. दीडशे वर्षांहून अधिक काळ गेला आहे. उलट आश्चर्य याचे की शाळांतून मराठी अजून शिकवली जाते, कोकणातला जाखडी नाच इथे 'झाकरी' म्हणून मंडळांच्या कार्यक्रमात ढोलकीवर रंगतो, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये इथे शिवछत्रपतींचा पुतळाही उभा राहिला. गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते. हा मुळात इथल्या मराठी घरांचा सण. आता त्यात सगळे येतात आणि मूर्ती नदीत किंवा समुद्रावर नेऊन विसर्जित करतात. भाद्रपदात तिकीट काढलेत तर गणपतीच्या दिवसांत बेटावर असाल असे पाहा. जवळचे मराठी देऊळ कुठे, हे हॉटेलातल्या कुणा माळ्याला नाहीतर ड्रायव्हरला विचारले की पत्ता लागतो. बोलावणे लागत नाही.

समुद्राला आलोच आहोत तर त्याचीही रीत सांगतो. बेटाभोवती जवळजवळ सलग प्रवाळाची भिंत आहे. लाटा तिच्यावर बाहेरच फुटतात आणि आत कमरेइतके, कुठे गळ्याइतके शांत पाणी राहते. पोहता न येणाऱ्यालाही त्यात उतरता येते. तळाशी समुद्री साळी असतात, तेव्हा रबरी बूट घालूनच उतरावे. जून ते ऑगस्ट हा तिथला हिवाळा. त्या दिवसांत आग्नेयेकडून वारा येतो आणि पूर्वेचा किनारा, बेल मार वगैरे, गार आणि वाऱ्याचा होतो. तेव्हा पश्चिमेला फ्लिक आँ फ्लाक किंवा वायव्येला ट्रू ओ बिश इथे राहावे. उन्हाळ्यात, म्हणजे नोव्हेंबरपासून पुढे, पूर्व किनारा सुखाचा. जानेवारी ते मार्च वादळांचे दिवस. तिकीट स्वस्त दिसते, त्याला कारण असते.

दक्षिणेला सुयाकजवळ ग्री ग्री इथे प्रवाळाची भिंत तुटलेली आहे. तिथे समुद्र थेट कड्यावर आदळतो. पोहायची सोय नाही, पण बाकीच्या बेटावरचे शांत पाणी कोणामुळे आहे ते तिथे उभे राहिल्यावर समजते.

किनारे सगळे सार्वजनिक आहेत. हॉटेलासमोरची वाळूही हॉटेलच्या मालकीची नसते. पण मॉरिशसचा माणूस पाहायचा तर रविवारी मों शुआझी, फ्लिक आँ फ्लाक किंवा ब्लू बेच्या सार्वजनिक किनाऱ्यावर जावे. सुरूच्या झाडांखाली तीन-तीन पिढ्यांची कुटुंबे टेम्पो भरून आलेली असतात. बिर्याणीचा हंडा, बर्फाची पेटी, पत्ते, आणि दुपारनंतर रावान या बकऱ्याच्या कातड्याच्या डफावर सेगा सुरू होतो. सेगा हे गुलामांचे गाणे-नाचणे. हॉटेलात रात्रीच्या जेवणाबरोबर झालरींचे घागरे घालून दाखवतात तो सेगाही वाईट नसतो, पण तो नऊ ते दहा असतो. किनाऱ्यावरचा कधी संपेल सांगता येत नाही.

काय टाळावे हेही सांगून टाकतो. तामारें उपसागरात सकाळी डॉल्फिन दाखवायला नेतात. पाचपंचवीस यांत्रिक होड्या चार डॉल्फिनांच्या मागे धावतात आणि पर्यटक पाण्यात उड्या टाकतात. ते पाहण्यासारखे नाही. इल ओ सेर्फला जायचेच तर सकाळी पहिल्या होडीने जावे. शामारेलची सप्तरंगी माती पाहायला हरकत नाही, मात्र फोटोंवरून कल्पना करून गेलात तर ती लहान वाटेल. बेसाल्ट झिजून उरलेली लोह आणि अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडे, त्यांमुळे लाल, तपकिरी, जांभळट लाटा झाल्या आहेत. कुंपणाबाहेरून पाहायचे, अर्ध्या तासात आटपते. वाटेतला धबधबा मला जास्त आवडला.

शामारेलचा दिवस खरा सार्थकी लागतो तो त्याच्या वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला. वर ब्लॅक रिव्हर गॉर्जेसचे राष्ट्रीय उद्यान आहे, १९९४ पासूनचे. ऊस लावायच्या आधी बेट कसे होते, याचा उरलेला तुकडा. देशातले सर्वांत उंच शिखर इथेच, ८२८ मीटर. दरीवर लांब शेपटीचे पांढरे पक्षी तरंगत असतात, एअर मॉरिशसच्या विमानांवर असतो तोच पक्षी. मार्चनंतर रानात तांबडे चिनी पेरू पिकतात आणि लोक गाड्या थांबवून पिशव्या भरून नेतात. हा पेरू बाहेरून आणलेला, आणि मूळ जंगल गिळत चाललेला. जंगल खात्याचा शत्रू, पोरांचा लाडका.

जवळच गंगा तलाव. ज्वालामुखीच्या मुखात साठलेले, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवरचे तळे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एका पुजाऱ्याला त्याचे दर्शन स्वप्नात झाले असे सांगतात, आणि १९७२ मध्ये भारतातून आणलेले गंगाजल त्यात ओतले गेले. वाटेवर १०८ फुटी शंकर उभा आहे, बडोद्याच्या सुरसागरातल्या मूर्तीवरून घडवलेला. मूर्तींच्या उंचीची ही चढाओढ मला भावत नाही, शेजारी तितकीच उंच दुर्गाही उभी केली आहे. पण महाशिवरात्रीला बेटाच्या चारही टोकांहून पांढऱ्या कपड्यांतली लाखो माणसे कावडी खांद्यावर घेऊन चालत इथे येतात. रस्त्यात घराघरांपुढे मांडव असतात, सरबत आणि पुरी-भाजी फुकट. त्या आठवड्यात वाहतूक कोलमडते. तरी तो आठवडा साधावा. इतर दिवशी स्वेटर जवळ ठेवावा, कारण वर धुके आणि पाऊस कधीही येतो.

खाली नैर्ऋत्य टोकाला ल मॉर्न हा ५५६ मीटर उंचीचा सरळ कडा समुद्रात घुसलेला आहे. मळ्यांतून पळालेले गुलाम त्याच्या माथ्यावर आणि गुहांत लपून राहत. गुलामगिरी संपल्याचे सांगायला शिपाई वर निघाले, ते आपल्याला पकडायलाच आले असे वाटून लपलेल्या माणसांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी आख्यायिका बेटावर सांगितली जाते. २००८ मध्ये हाही जागतिक वारसा झाला. एवढ्याशा देशातली युनेस्कोची ही दोन्ही स्थळे, एक गुलामांचे आणि एक गिरमिटियांचे. १ फेब्रुवारी आणि २ नोव्हेंबर, दोन्ही दिवशी सुट्टी असते. कड्यावर चढता येते. पहिला टप्पा साधा आहे. पुढे हातापायांनी खडक धरत जावे लागते. सह्याद्रीत फिरलेल्यांना जमेल, पण वाटाड्या घ्यावा आणि उन्हे चढायच्या आत निघावे. पाऊस पडून गेला असेल तर जाऊच नये.

उत्तरेकडे पांपलमूसची बाग आहे. प्येर प्वाव्र या फ्रेंच माणसाने डचांच्या मक्तेदारीतून जायफळ-लवंगेची रोपे पळवून आणून इथे वाढवली. सुपासारख्या काठाच्या कमळपानांपुढे गर्दी होते, ती होऊ द्यावी आणि तालीपोत माडाकडे जावे. तो आयुष्यात एकदाच, कित्येक दशकांनी फुलतो आणि मग मरतो. देशाचे पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांची समाधीही बागेतच आहे. त्यांच्याच नेतृत्वाखाली १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. शेजारी बंद पडलेल्या साखर कारखान्यात उभारलेले संग्रहालय आहे. त्याला मात्र पुरेसा वेळ द्या, शेवटी साखरेचे वेगवेगळे प्रकार चमच्याने चाखायला मिळतात.

भारतीयांना पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. बसने सगळीकडे जाता येते, पण गावाकडच्या बसगाड्या संध्याकाळी लवकर थांबतात. पोर्ट लुई ते क्यूरपीप नवी हलकी मेट्रो आहे.

शेवटचा दिवस आग्नेयेच्या माएबूरसाठी राखावा. विमानतळ तिथून जवळ आहे, आणि बहुतेक प्रवासी हे गाव फक्त गाडीच्या काचेतून पाहतात. सोमवारी इथे बाजार भरतो. १८७० पासून चालू असलेल्या एका घरगुती कारखान्यात कसाव्याची बिस्किटे अजून हाताने, उसाच्या वाळक्या पाल्याच्या विस्तवावर भाजतात. इथल्याच खाडीजवळ २५ जुलै २०२० रोजी 'वाकाशिओ' हे मालवाहू जहाज प्रवाळावर चढले आणि सुमारे हजार टन तेल पाण्यात पसरले. तेव्हा गावकऱ्यांनी सरकारची वाट न पाहता कापडी पिशव्यांत उसाचे पाचट भरून, त्यांचे लांब कुंपण शिवून तेल अडवले होते.

समोरच, पाण्यातून किलोमीटरभराच्या आत, इल ओ एग्रेत हे सव्वीस हेक्टरचे बेट आहे. माणसांबरोबर आलेल्या उंदीर-डुकरे-माकडांनी डोडो सतराव्या शतकातच संपवला. इथे बाकीच्यांना वाचवायचे काम चालू आहे. परकी झाडे उपटून मूळ आबनूस लावला, उंदीर हटवले, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला रानात जेमतेम दहा उरलेली गुलाबी कबुतरे इथे आणून सोडली. संपलेल्या कासवांच्या जागी आल्डाब्राची महाकाय कासवे आणली, ती पाऊलवाटेवर आडवी येतात आणि हलत नाहीत. मार्गदर्शकाशिवाय बेटावर फिरू देत नाहीत आणि होडीत थोडीच माणसे मावतात. म्हणून जागा आधी सांगून ठेवावी, आणि विमान रात्रीचे असेल तर सकाळची फेरी घ्यावी.